मुलगी समुपदेशक व्हायचं म्हणते तेव्हा

रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला घालत होतो. तेवढ्यात कोळसेवाडीच्या एका ताईंनी आम्हांला थांबवले. पिशवीतून मोबाइल काढून त्या म्हणाल्या, “भाऊ, हे जरा वाचून सांगा. पोरगी म्हणते आज रात्रीच पैसे भरायचे.”

आम्ही वाचले. ‘घरबसल्या सहा महिन्यांत समुपदेशक व्हा. शासनमान्य ऑनलाइन डिप्लोमा. शंभर टक्के नोकरी. फी ३५,००० रुपये. आज रात्री बारापर्यंत भरल्यास फक्त २२,०००.’ खाली कोट घातलेल्या एका हसऱ्या बाईंचे छायाचित्र होते. संस्थेचा पत्ता मात्र कुठेच नव्हता.

ताईंचे यजमान डोंबिवली एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात आहेत. ताई दोन घरच्या पोळ्या करतात. मुलगी बी.ए. झाली असून ठाण्याला कॉल सेंटरमध्ये जाते. बावीस हजार म्हणजे त्या घरात दीड महिन्याचा पगार. ताईंनी भिशी उचलायचे ठरवलेही होते.

आम्ही मुलीलाच विचारले, “बाळ, समुपदेशकच का व्हायचं?”

तिने सांगितले ते ऐकून आम्ही पुन्हा पायरीवर बसलो. तिचा धाकटा भाऊ नववीत असताना शाळेत जाईनासा झाला होता. पोटात दुखते म्हणायचा. डॉक्टर झाले, बाहेरचे झाले, बापाचा मारही झाला. शेवटी शाळेत आठवड्यातून एकदा येणाऱ्या एका समुपदेशक बाईंनी त्याला जवळ बसवले. पहिले दोन बुधवार तो काहीच बोलला नाही. बाईंनीही जबरदस्ती केली नाही. तिसऱ्या बुधवारी तो बोलला. शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात मोठ्याने वाचून दाखवली होती आणि त्या दिवसापासून मागच्या बाकावरची पोरे त्याला एका ठरावीक नावाने हाक मारीत होती. बाई मुख्याध्यापकांशी बोलल्या, यादी वाचणे थांबले, मुलगा दहावी पास झाला. “त्या बाई नसत्या तर माझा भाऊ आज काय असता सांगता येत नाही,” मुलगी म्हणाली. “मला तसं व्हायचंय.”

वाचकहो, इच्छा इतकी निर्मळ असली की तिला फसवणारेही लवकर भेटतात. म्हणून या वेळचे सदर आम्ही या एकाच विषयाला दिले आहे. ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यातल्या किती तरी घरांत सध्या हाच प्रश्न आहे.

एक दार उघडले, एक बंद झाले

जुलै २०२५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. दोन्हींचा आपल्या मुलांशी संबंध आहे.

पहिली गोष्ट सर्वोच्च न्यायालयातली. विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. ज्या संस्थेत १०० किंवा अधिक विद्यार्थी आहेत, तिथे मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यात आहे. शिक्षक व इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व इतर वंचित घरांतल्या विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता, संवेदनशीलपणे कसे वागावे हे त्यांना शिकवावे, असेही न्यायालयाने सांगितले. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेल्या. त्या वेळी आपण मोर्चे काढले, मेणबत्त्या लावल्या. न्यायालयाचे हे वाक्य आपल्याला उशिरा मिळालेले आहे; पण मिळालेले आहे, हे विसरू नये. म्हणजे कामाला माणसे लागणार आहेत.

दुसरी गोष्ट विद्यापीठ अनुदान आयोगाची. आरोग्याशी जोडलेल्या व्यवसायांसाठी केंद्राने २०२१ साली एक कायदा केला. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक त्या कायद्याच्या यादीत आहेत. त्याच्या आधारे आयोगाने त्याच जुलै महिन्यात ठरवले, की मानसशास्त्रासारखे विषय दूरशिक्षणाने वा ऑनलाइन पद्धतीने शिकवता येणार नाहीत. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून असे नवे प्रवेश थांबले.

याची झळ कुणाला बसली? बंगल्यातल्या मुलांना नव्हे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचे, एम.ए. मानसशास्त्र हे नोकरी करणाऱ्या गरिबाच्या मुलामुलींचे दार होते. कुठल्याही विषयाचा पदवीधर तिथे प्रवेश घेऊ शकत असे. आमच्या ओळखीची एक मुलगी वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या गोदामात पॅकिंगचे काम करीत शिकली. पुस्तके टपालाने घरी येत. जाताना कळव्याच्या पुढे बसायला मिळाले तर लोकलमध्ये वाचायची, नाही तर रात्री घरातले सगळे झोपल्यावर मोरीच्या दिव्याखाली. एम.ए. पुरे व्हायला तिला तीन वर्षे लागली. आज ती दोन शाळांत कंत्राटावर समुपदेशक आहे. तिला आम्ही या निर्णयाबद्दल विचारले, तर ती म्हणाली, “पुस्तकं मी घरी वाचली, पण काम शिकले इंटर्नशिपमध्ये. तिथं पहिल्यांदा एक बाई माझ्यासमोर रडली आणि मी तिला लगेच उपदेश करायला लागले. माझ्या मॅडमनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, तू तिला गप्प केलंस. ते पुस्तकात वाचून कळलं नसतं.”

तिच्या या बोलण्यात सगळे आले.

लेथवर हात कसा बसतो

आपल्या वाचकांत अंबरनाथच्या आयटीआयमध्ये शिकलेले फिटर आणि टर्नर पुष्कळ आहेत. त्यांना विचारा, लेथ मशीनचे शंभर व्हिडिओ पाहिल्यावर लेथवर हात बसतो का? मशीनचे भाग कळतात, नावे कळतात, धोका कुठे आहे तेही कळते. पण हात बसतो तो उस्तादाच्या नजरेखाली. उमेदवारी केल्याशिवाय कारागीर होत नाही, हे आपल्या वाडवडिलांना कुणी शिकवावे लागले नाही.

समुपदेशन हीसुद्धा कारागिरी आहे. मानसशास्त्रातले सिद्धान्त, किशोरवयातले बदल, ताण म्हणजे काय, उदासीनतेचा आजार कसा ओळखावा, कायदे कोणते, हे सगळे घरी बसून, मोबाइलवर, रात्री अकरा वाजता शिकता येते, आणि चांगले शिकता येते. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ नावाचे व्यासपीठ २०१७ पासून आहे. त्यावर विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचे पाठ फुकट ऐकायला मिळतात. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरातल्या मुलीला ही सोय म्हणजे मोठी गोष्ट आहे. तिला आम्ही कधीच नावे ठेवणार नाही.

पण समोरचा माणूस गप्प बसला की आपणही गप्प कसे बसायचे, हे व्हिडिओने येत नाही. “अगं, एवढं काय मनावर घेतेस” हे वाक्य जिभेवर आले की गिळायचे कसे, हेही येत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४०-५० च्या दशकांत सांगितले, की सल्ल्यापेक्षा माणसाला समजून घेणे आणि त्याला अटी न घालता स्वीकारणे यानेच तो सावरतो. वाचायला हे दोन मिनिटांचे काम आहे. अंगी बाणायला मात्र शेकडो तास लागतात. म्हणून चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी आधी एकमेकांसमोर बसून सराव करतात, मग खऱ्या माणसांशी बोलतात, झालेले बोलणे आठवून लिहून काढतात आणि अनुभवी शिक्षक त्यातल्या चुका दाखवतात. या चुका दाखवण्याला पर्यवेक्षण म्हणतात. जिथे पर्यवेक्षण नाही, तिथे समुपदेशक तयार होत नाही.

आणखी एक अडचण आपल्या वस्तीची आहे. चाळीत भिंतीला कान असतात. घरून मोबाइलवर सराव करायचा तर शेजारच्या काकूही ऐकतात. समुपदेशनाचा पहिला नियम असा, की समोरच्याचे बोलणे पोटात ठेवायचे. पण त्या नियमालाही अपवाद आहे, आणि तो न शिकवणारा अभ्यासक्रम धोक्याचा आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना वा बालपोलीस पथकाला कळवावेच लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच मार्गावरच्या बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि लोक रुळांवर उतरले. त्या प्रकरणाने प्रत्येक आईला एक प्रश्न शिकवला: शाळेत माझ्या लेकराचे ऐकणारे कोण आहे? तिथे बसणारा माणूस अर्धवट शिकलेला असून चालणार नाही.

भाषेचेही तसेच. ऑनलाइन अभ्यास बहुतेक इंग्रजीत असतो. त्यात ‘डिप्रेशन’ असते, ‘अँग्झायटी’ असते. आपल्या बाया मात्र म्हणतात, “जीव लागत नाही”, “काळजात धस्स होतं”, “डोकं बधिर झालंय”. आपले पुरुष यातले काहीच म्हणत नाहीत. ते दारूच्या दुकानाकडे वळतात. या बोलीतून दुखणे ओळखता येणे, हे आपल्या वस्तीतून आलेल्या मुलामुलींचे भांडवल आहे. त्या नववीतल्या मुलाला ‘शिष्यवृत्तीची यादी’ एवढे दोनच शब्द बोलावे लागले, पुढचे बाईंना कळले. सगळ्यांनाच ते कळते असे नाही. म्हणून या व्यवसायात आपली मुले असली पाहिजेत, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

कोण काय करतो

पालकांचा इथे फार गोंधळ होतो. थोडक्यात सांगतो.

मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस.नंतर त्याने मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेले असते. गोळ्या तोच देऊ शकतो.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि उपचार करतो. त्याचा अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला असावा लागतो आणि त्याचे नाव परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद आहे. कुठलाही सहा महिन्यांचा डिप्लोमा करून कुणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही.

समुपदेशक शाळेत, रुग्णालयात, संस्थेत बसून माणसाचे ऐकतो, त्याला मार्ग शोधायला मदत करतो आणि गरज पडली तर योग्य वेळी डॉक्टरकडे पाठवतो. ‘योग्य वेळी पाठवणे’ हे त्याच्या कामाचे निम्मे शहाणपण आहे.

आपल्या भागात पूर्वी एखादा माणूस वेडेवाकडे बोलला की लोक म्हणत, “ह्याला ठाण्याला टाका.” १९०१ साली सुरू झालेल्या तिथल्या मनोरुग्णालयाचे नाव शिवीसारखे वापरले जाई. त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली आणि मनाचे आरोग्य ही सगळ्यांचीच गरज आहे, हे मराठी माणसाला मराठीत सांगितले. ठाण्याचे नाव आता दोन्ही अर्थांनी घेता येते. कोणत्या अर्थाने घ्यायचे ते आपण ठरवायचे.

आता वाट कोणती?

दूरशिक्षणाचे मानसशास्त्र बंद झाले म्हणून स्वप्न बंद झाले असे नाही. वाट लांब झाली आहे, एवढेच. ज्याची-त्याची परिस्थिती पाहून चार वाटा सांगतो.

पहिली वाट शिक्षकांसाठी. आपल्या समाजात महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांत शिकवणारे पुष्कळ आहेत. एनसीईआरटीचा ‘मार्गदर्शन व समुपदेशन’ हा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. त्याची रचना मुद्दाम समजून घ्या, कारण चांगला अभ्यासक्रम कसा असतो याचा तो नमुना आहे. पहिले सहा महिने घरून, दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने अभ्यास. पुढचे तीन महिने प्रत्यक्ष केंद्रावर राहून सराव. महाराष्ट्र ज्या विभागात येतो त्याची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळला आहे. शेवटचे तीन महिने आपल्या गावी येऊन इंटर्नशिप. प्रवेश मुख्यतः प्रशिक्षित शिक्षकांना आणि मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य अशा विषयांतल्या पदव्युत्तरांना मिळतो. तीन महिने घर सोडणे बाईमाणसाला सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण सासूने तीन महिने घर सांभाळले तर सून आयुष्यभर शेकडो लेकरे सांभाळेल. सासूबाईंनी याचा विचार करावा.

दुसरी वाट आत्ता बारावीला असलेल्या मुलांसाठी. त्यांनी नियमित महाविद्यालयात बी.ए.ला मानसशास्त्र घ्यावे. ठाणे-कल्याण भागात हा विषय कुठे आहे, कुठे फक्त दोन वर्षे आहे आणि कुठे पदवीपर्यंत आहे, हे प्रवेशाआधी महाविद्यालयात जाऊन विचारावे. पुढे एम.ए.साठी कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे, चर्चगेटला एसएनडीटी आहे, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. बहुतेक ठिकाणी एम.ए.ला येण्यासाठी बी.ए.ला मानसशास्त्र असावे लागते. म्हणून हा निर्णय बारावीनंतरच घ्यायचा. नियमित शिक्षणाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. उत्पन्नाचा व जातीचा दाखला जूनमध्ये धावपळ करून काढू नका, मार्चमध्येच काढून ठेवा.

तिसरी वाट कोळसेवाडीच्या त्या मुलीसारख्यांची, ज्यांची पदवी दुसऱ्या विषयात आहे. त्यांच्यासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू., ही सगळ्यांत चांगली वाट आहे असे आमचे मत आहे. न्यायालयाच्या सूचनेत समाजकार्यकर्त्याचे नाव स्पष्ट आहे. २०२१ च्या कायद्याच्या यादीतही मनोरुग्णांसाठी काम करणारे समाजकार्यकर्ते आहेत. कुठल्याही विषयाच्या पदवीधराला त्यात येता येते. मुख्य म्हणजे या अभ्यासक्रमात आठवड्यातले ठरावीक दिवस वस्तीत, शाळेत वा रुग्णालयात जाऊन काम करावेच लागते. म्हणजे उमेदवारी अभ्यासातच आहे. १९३६ ची टाटा संस्था आणि १९५५ चे निर्मला निकेतन ही यातली जुनी नावे. सरकारी रुग्णालयांतल्या एचआयव्ही तपासणी केंद्रांत समुपदेशक म्हणून बसलेल्यांत एम.एस.डब्ल्यू. झालेले अनेक जण आपल्याला दिसतील. मात्र यातली बरीच कामे कंत्राटी असतात आणि पगार बेताचा असतो. मुलांपासून हे लपवू नका. डोळे उघडे ठेवून घेतलेला निर्णय टिकतो.

चौथी वाट जे आधीच, २०२५ च्या जुलैपूर्वी, दूरशिक्षणाच्या मानसशास्त्राला बसले आहेत त्यांची. बंदी नव्या प्रवेशांना आहे. घाबरून मधेच सोडू नका. अभ्यास पुरा करा आणि इंटर्नशिप कागदोपत्री उरकू नका. सहीपुरते जाणारे पुढे सहीपुरतेच राहतात.

पैसे भरण्यापूर्वी

आता त्या बावीस हजारांकडे येऊ. आम्हीही एकदा फसलो आहोत, म्हणून बोलतो. आमच्याच नात्यातल्या एका मुलाने अशाच एका संस्थेत पैसे भरले. तीन महिने व्हिडिओ आले, मग एक रंगीत प्रमाणपत्र आले, मग फोन लागेनासा झाला. पैशांहून जास्त दुःख एका गोष्टीचे झाले. त्या मुलाने पुन्हा शिकण्याचे नावच काढले नाही.

म्हणून जाहिरात पाहिली की संस्थेला हे प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

एक, प्रमाणपत्र कोण देणार? विद्यापीठ देणार असेल तर या वर्षीच्या या सत्रासाठी या अभ्यासक्रमाला अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का? ही यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. ‘शासनमान्य’ या शब्दाला भुलू नका. दुकानाची नोंदणी, ट्रस्टची नोंदणी, उद्योग म्हणून झालेली नोंदणी किंवा आयएसओ प्रमाणपत्र म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. वडापावच्या गाडीलाही परवाना असतो. त्यावरून कुणी तिला कॉलेज म्हणत नाही.

दोन, समोरासमोर बसून सराव किती तास आणि कुठे? ‘सगळं ऑनलाइन, कुठेही यायची गरज नाही’ हे उत्तर आले तर तिथेच थांबा. ज्याला ते सोय म्हणून सांगतात, तीच खरी उणीव आहे.

तीन, पर्यवेक्षण कोण करणार? त्यांचे नाव आणि शिक्षण काय?

चार, मधेच सोडले तर पैसे परत मिळण्याचा नियम काय? पावती मिळणार का?

पाच, आधी शिकून गेलेल्या दोन विद्यार्थ्यांशी बोलायला मिळेल का?

आणि रात्री बारापर्यंतची सवलत असेल तर सकाळपर्यंत थांबाच. खरे विद्यापीठ मध्यरात्री दुकान बंद करीत नाही.

लहान ऑनलाइन वर्ग टाकाऊ असतात असे आमचे म्हणणे नाही. शिक्षिकेने, अंगणवाडीताईने, विहारात मुलांचा वर्ग घेणाऱ्याने असा वर्ग केला तर तिची नजर तयार होते, मुलाच्या वागण्यातला बदल तिला लवकर कळतो. फक्त त्या जोरावर दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावू नये. मनाची जखम दिसत नाही, म्हणून तिच्यावर कुणीही हात ठेवावा असे नाही.

आपण काय करावे

अनुदान आयोगाचा निर्णय आम्हांला अर्धा पटतो. सरावाशिवाय समुपदेशक नको, हे खरेच. पण दिवसभर राबणाऱ्याने मग शिकायचे केव्हा, याचे उत्तर कुणी दिलेले नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी सकाळचे वर्ग चालवले गेले. शिकणाऱ्याच्या घड्याळाकडे पाहून शाळेचे घड्याळ लावायचे, ही दृष्टी त्यामागे होती. मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे ठाण्यात आणि कल्याणात आहेत. तिथे संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी समुपदेशनाचा नियमित अभ्यासक्रम सुरू व्हावा, त्याचा सराव महापालिकेच्या शाळांत व रुग्णालयांत व्हावा, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. निवेदनाचा मसुदा करायला आम्ही तयार आहोत.

तोपर्यंत हातात आहे ते करू. विहाराचे सभागृह रविवार सोडला तर बहुतेक रिकामे असते. संध्याकाळी सात ते दहा ते अभ्यासासाठी उघडे ठेवा. दिवा, पंखा, पाणी आणि वायफायचे महिन्याचे पैसे, एवढ्यात दहा मुलांची सोय होते. अभ्यास करणाऱ्या बाईचे मूल त्या तीन तासांत कुणी तरी सांभाळावे. आम्ही याला दान म्हणणार नाही. आपल्याच घरची ही गुंतवणूक आहे.

आणि घरातल्या कुणाचे मन बिघडले, तर आपल्या मुलीचा अभ्यास पुरा होण्याची वाट पाहू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालू आहे, मराठीत बोलता येते. लहान मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक गॅस सिलिंडरच्या नंबरशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. फोन करणारा वेडा नसतो, हेही मुलांना सांगा.

आता त्या ताईंचे काय झाले ते सांगतो. त्या रात्री पैसे भरले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीने संस्थेला फोन करून वरचे प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला पलीकडच्या बाई रागावल्या आणि पाचव्याला त्यांनी फोन ठेवून दिला. मुलीने ‘स्वयम्’वरचा एक फुकटचा वर्ग धरला आहे आणि एम.एस.डब्ल्यू.च्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू केली आहे. भिशीचे पैसे ताईंनी पोस्टात टाकले. प्रवेश मिळाला तर नोकरी सुटेल, आणि घर दोन वर्षे कसे चालायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. बाप म्हणतो, “ओव्हरटाइम करीन.” भाऊ आता अकरावीत आहे; तो सकाळी पेपर टाकायला लागला आहे.

आमचा त्या भावाकडे जास्त डोळा आहे. ज्याचे एकदा कुणी तरी नीट ऐकले, तो आता दुसऱ्याला ऐकणारी व्हावी म्हणून पहाटे पाचला उठतो.

ठाणे-कल्याण भागात समुपदेशक म्हणून काम करणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींनी आम्हांला जरूर कळवावे. शिकताना काय अडले, कोणत्या वाटेने गेलात, आज पगार किती वेळेवर मिळतो, सगळे मोकळेपणाने लिहा. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी महिन्यातला एक रविवार दिला, तर वंदनेनंतर विहाराच्या पायरीवर मुलांना तुमच्याशी बोलता येईल. जाहिरातीतल्या कोटवाल्या बाईंपेक्षा त्यांना तुमचा उपयोग जास्त होईल.